कोरड्या ओढ्यात मोजायचं तरी काय?

"हंगामी ओढ्याला कसलं आलंय प्रवाहमापन? नुसता खर्च! कोरडा असेल तेव्हा शून्य लिहा, वाहील तेव्हा पाण्यावर तरंगतं बूच टाकून ते किती वेळात किती पुढे जातं ते मोजा, बाकीचं पावसाच्या आकड्यावरून निघतं." पाण्यावरच्या गप्पांत हे थोड्याफार फरकानं नेहमी कानावर येतं. कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरीतला किंग्ज क्रीक समोर ठेवून ते तपासू. उंच गवताच्या माळावरचा हा ओढा अधूनमधून आटतो. तरीही जेमतेम 10.6 चौरस किलोमीटर पाणलोटासाठी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं 1979 पासून तिथे मापनकेंद्र ठेवलंय.

आधी बूच, ते लवकर उरकेल. पाणी वर वेगात, तळाशी संथ वाहतं, म्हणून बुचाच्या वेगाला साधारण 0.85 नं गुणतात. उथळ, दगडगोट्यांच्या पात्रात या गुणकाचाही भरवसा नाही, आणि बोटभर पाण्यात बूच दगडाला अडकून बसतं ते वेगळंच. त्यापेक्षा धार एका जागी आणून बादली नि स्टॉपवॉच बरं. पूर आला तर? तो रात्री दोनला येतो, तेव्हा बूच घेऊन काठावर कोण उभं असतं! कोन्झात छोट्या पाणलोटांच्या तोंडाशी त्रिकोणी तळाचे फ्लूम, म्हणजे पाण्याच्या पातळीवरून विसर्ग काढता येईल अशा ठरावीक आकाराच्या पक्क्या नाळी, बांधलेत ते यासाठी. अशा तळात थोडं पाणीही दिसण्याइतकं चढतं आणि मोठा लोंढाही मोजता येतो. विसर्ग साधारण पातळीच्या अडीचाव्या घातानं वाढतो: पातळी 2 सेंटिमीटरवरून 10 वर गेली की विसर्ग सुमारे 56 पट. म्हणूनच 2 सेंटिमीटरला एका मिलिमीटरची चूक झाली तर विसर्ग साडेबारा टक्क्यांनी चुकतो. इथे नजरेचा अंदाज चालत नाही.

पावसाचं गणित त्याहून फसवं. कोन्झात वर्षाला सरासरी 835 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वसंतात भिजलेल्या जमिनीवर पडलेली सर ओढा वाहता करते. तेवढीच सर ऑगस्टच्या तापल्या माळावर जिरून जाते. शिवाय गेल्या काही दशकांत तिथे पाऊस घटलेला नसताना ओढ्याचं पाणी घटलं, आणि त्याच काळात माळावर झुडपं नि झाडं पसरली. पावसावरून हिशेब मांडणाऱ्याला ही घट कधीच दिसली नसती.

राहिलं शून्य. खर्चाची तक्रार मला पटते. पण शून्य फुकटात मिळतं, हे पटत नाही. ओढा थांबला तरी फ्लूममागे डोह साचलेला असतो. सेन्सर पातळी दाखवत राहतो आणि वाहत मात्र काहीच नसतं. प्रवाह नेमक्या कोणत्या पातळीला थांबतो हे जाऊन पाहावं लागतं, गाळ बसला की पुन्हा. उलटंही घडतं. कोन्झाखाली चुनखडी आणि मडस्टोनचे (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे) पातळ थर एकावर एक आहेत. पाणी भेगांत गडप होतं नि खालच्या अंगाला झऱ्यासारखं फुटतं. केंद्रावर शून्य, वर खळखळाट! म्हणून पात्रात जागोजागी तापमान आणि विद्युतवाहकता टिपणारी छोटी यंत्रं ठेवतात; पाण्यातून वीज वाहते, हवेतून नाही, त्यावरून ओलं-कोरडं कळतं. पण ते पाणी वाहतंय की नुसतं साचलंय, हे त्यांनाही सांगता येत नाही. ते बघायला कुणीतरी पात्रातून चालत जातं, आणि नेमकं ओढा आटत आलेला असतो तेव्हाच.