शेठजी पाच वेळा, कामगार एकदाही नाही

नमस्कार. अमळनेरच्या फेरफटक्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया दिलीत, नावाच्या जागी ‘एक अमळनेरकर’ एवढंच लिहिलंय, म्हणून मीही तसंच म्हणतो.

तुमचा राग थोडक्यात असा: दोन मित्र सकाळच्या गाडीने जळगावहून आले, शेवभाजी ओरपली, प्रताप मिलच्या भिंतीपुढे फोटो काढले, गावाला ‘निवांत’ म्हटलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. ‘शेठजी चार वेळा येतात, कामगार एकदाही नाही. आणि विप्रो मिलमधून निघाली हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

लेख पुन्हा काढून वाचला. शेठजी, म्हणजे मिल काढणारे प्रताप शेठ, चार नाही, पाच वेळा आहेत.

विप्रोचं आधी उरकतो, कारण तिथे मला बचावच नाही. चहाच्या टपरीवर ऐकलं आणि तसंच ठोकून दिलं. मोहम्मद हाशम प्रेमजींनी 1945 मध्ये वनस्पती तुपासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वेगळी कंपनी काढली. त्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतूनच पुढे ‘विप्रो’ झालं. मिल कापसावर चालायची, हा कारखाना तेलावर. 1966 मध्ये वडील गेले आणि एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला, तेव्हाही धंदा तुपा-तेलाचाच होता. लेखातली ओळ आज दुरुस्त केली आहे.

आता शेठजी. अमळनेरात प्रताप शेठजींना वळसा घालून चालताच येत नाही हो. मिल प्रताप, हायस्कूल प्रताप, कॉलेज प्रताप. त्यात 1916 सालचं तत्त्वज्ञान मंदिर. कापडाच्या पैशातून अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासाला जागा करून द्यायची, बाहेरगावची शिकलेली पोरं तिथे आणून ठेवायची, हे सुचायला माणूस जरा वेगळाच लागतो. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी तिथेच; शाळेत शिकवायला लागले ते 1924 मध्ये. हे सगळं मला भारी वाटलं आणि अजूनही वाटतं.

पण तुमचं बोट बरोबर जागी आहे. दिवसभर मी पाट्या वाचत फिरलो, आणि साच्यावर, म्हणजे मिलमधल्या मागावर, उभ्या राहणाऱ्याच्या नावाची पाटी कोण लावतं? गुरुजींचंच बघा. शाळेपुढे मी हात जोडले, श्यामच्या आईबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पुढे सरकलो. 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेलेले, 1938 मध्ये याच गावातून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढणारे, शेतकऱ्यांसाठी आणि मिलमधल्या कामगारांसाठी वणवण फिरणारे गुरुजी माझ्या लेखात आलेच नाहीत.

तरीही ‘कामगार एकही नाही’ यावर थोडं सांगायचंय. माझ्याबरोबर होता ना, लेखात ज्याला मी नुसतं ‘मित्र’ म्हटलंय, तो मिल कामगाराचाच पोरगा. त्याचे वडील खानदेशातल्या एका मिलमध्ये होते. कोणत्या गावच्या, ते लिहायचं नाही असं त्याने बजावलंय. त्या दिवशी परतीच्या गाडीत धरणगाव सुटल्यावर तो म्हणाला होता, “मना बापनं काही टाकू नको भो.” म्हणून टाकलं नाही. तुमची प्रतिक्रिया त्याला वाचून दाखवली, तेव्हा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, थोडं लिही.

तर थोडं. वडील आधी बदलीवर होते. म्हणजे पहाटे फाटकाशी उभं राहायचं, कोणी खाडा केला तर आत जायचं, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. मग साचे मिळाले. साचेखात्यात आडवा धागा इकडून तिकडे नेणारे शेकडो धोटे एका वेळी आपटत असतात, तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माणसं ओठ बघून आणि हातवाऱ्यांनी बोलतात. पाळी संपली तरी कानातला आवाज संपत नाही. मित्राच्या घरी सगळेच ओरडून बोलायचे, रेडिओ गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. लहानपणी याला वाटायचं, बाबा सतत रागावलेलेच असतात.

वडिलांचा एक धोटा त्याच्याकडे अजून आहे. मी हातात घेऊन बघितलाय. वीतभराहून लांब, वापरून गुळगुळीत झालेलं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, कडेला बारीकसं भोक. आतली सुताची कांडी संपली की नवी घालायची, धाग्याचं टोक त्या भोकाशी न्यायचं आणि तोंड लावून ओढून घ्यायचं. सुई-दोरा शोधत बसायला साचा थांबतोय कुठे? प्रत्येक वेळी धाग्याबरोबर कापसाची धूळ आत. आणि त्या धाग्याला तोंड लागतं म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या खात्यात घेत नसत, जिथे मजुरी जास्त होती नेमक्या तिथेच. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. एवढ्याशा भोकातून काय काय जातं बघा.

शेवटी तो ‘निवांत’. हा शब्द मात्र मी काढणार नाही, कारण तो माझा नव्हेच. भिंतीच्या सावलीत आम्ही दोघं उभे होतो, दुपारचे दोन वाजले असतील, आणि मित्र म्हणाला, “कितलं निवांत शे रे आठे.” मी तो उचलला आणि स्वतःचा म्हणून लेखात घातला. मी म्हटल्यावर तो शहरी पाहुण्याचा झाला, तुम्हाला झोंबला, आणि झोंबायलाच हवा होता. आता लेखात ते वाक्य त्याच्या तोंडी, अहिराणीत, जसंच्या तसं ठेवलंय.

मंगळग्रह मंदिराला गेलो नाही ही तक्रारही मान्य. मंगळवार होता, रांग बघून दोघांनी माघार घेतली. शेवभाजीबद्दल मात्र माफी मागणार नाही.

हे उत्तर टाकण्याआधी त्याला दाखवलं. त्याने दोन ओळी खोडल्या, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “आते टाक.”