भरपाई मिळाली ना? मग झालं तर!

जून लागला, हवामान खात्याचा पिवळा-नारिंगी इशारा आला की आमच्याकडे जुना विषय निघतोच. आणि मग पुण्या-मुंबईचा कुणीतरी पाहुणा ओटीवर बसून, चहाचा घोट घेत हमखास विचारतो, "पण निसर्ग वादळाची भरपाई मिळाली होती ना तुम्हाला?" डोक्यात अशी तिडीक जाते म्हणून सांगू! मिळाली होती हो. मिळाली म्हणूनच तर एवढा राग आहे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी आमच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्याला १८९१ नंतर असं वादळ धडकलं नव्हतं, हे आम्हाला नंतर पेपरात वाचून कळलं. आम्ही २००९ चं फयान वादळ बघितलेली माणसं, म्हणून 'येऊ दे काय यायचं ते' अशा थाटात होतो. दुपारपर्यंत थाट उतरला. पडवीचे सिमेंटचे पत्रे वरून दाबून फुटत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. वारा पडवीत खालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो. हूक जागच्या जागी राहिले. वाशाला अडकलेला प्रत्येक हूक, त्याचा वायसर आणि त्यात अडकलेला तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा, बस. बाकीचा पत्रा कुणाच्या आगरात गेला, देव जाणे.

वाऱ्यावर माझा राग नाही. वारा आला, त्याने त्याचं काम केलं, संध्याकाळपर्यंत निघूनही गेला. राग त्यानंतरचा आहे.

पहिला राग टीव्हीवाल्यांवर. आमच्याकडे वीज नाही, टॉवर नाही, रस्ते झाडांनी अडलेले, शेजारच्या गावात कोण जिवंत आहे ते ठाऊक नाही. पुढे कधीतरी फोनला रेंज आली तेव्हा बातम्यांचे जुने तुकडे येऊन पडले. काय तर म्हणे "मुंबई थोडक्यात बचावली!" वादळ वळलं, संकट टळलं, सगळ्यांनी हुश्श केलं. अरे, टळलं म्हणजे गेलं कुठे? आमच्या डोक्यावर आलं ना! रायगड जिल्हा काय अरबी समुद्रात आहे?

मग पंचनामा. "पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका, जसं आहे तसं राहू द्या." वा! तोंडावर पावसाळा, घरावर छप्पर नाही, माजघरात तांदळाची पिंपं ताडपत्रीखाली, आणि आम्ही पुरावा जपून ठेवायचा. पत्रे घातले तर नुकसान दिसणार नाही, नाही घातले तर भिंत भिजून खाली येणार. बरं, भिंत आली असती तर एका अर्थी बरंच झालं असतं. कारण पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, आणि आमचं घर 'अंशतः'. छप्पर सगळं गेलं तरी भिंती उभ्या आहेत म्हणून अंशतः. पावसाळ्यात कोकणात छपराविना भिंती घेऊन काय करायचं, त्यात मासे पाळायचे?

आणि कागद! आधार, सातबारा, पासबुक, सगळ्याची झेरॉक्स. अख्ख्या तालुक्यात वीज नाही, कित्येक आठवडे नव्हती, आणि झेरॉक्स आणा. जनरेटर असलेल्या एका दुकानासमोर रांग, त्यात कोरोना, मास्क लावून चिखलात उभे राहा, आणि नंबर लागला की कळतं, डिझेल संपलं. "फोटो व्हॉट्सॲपवर टाका" हा दुसरा विनोद. टॉवर आडवा झाल्याचा फोटो कोणत्या टॉवरवरून पाठवू? बँकेत गेलं की "लिंक नाही". माणसं वाईट नव्हती, हेही सांगतो. आमच्याकडे पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याचं स्वतःचं घर उघडं पडलं होतं. तो बिचारा भिजलेल्या फायली पोटाशी धरून हिंडत होता. पण ज्याने कुणी कागदांची ती यादी बनवली, त्याला एकदा त्या रांगेत उभा करायला हवा होता.

आता नारळ-सुपारीच्या वाडीचं ऐका. सुरुवातीला मदत जाहीर झाली ती हेक्टरी. जुना दर हेक्टरी १८ हजार होता, तो वाढवून ५० हजार केला, म्हणून टाळ्या. ऐकायला काय भरघोस वाटतं! पण आमच्या श्रीवर्धनात हेक्टर कुणाकडे असतो? आमची वाडी १२ गुंठे. करा हिशेब. गुंठ्याला साधारण ५०० रुपये, म्हणजे सगळे मिळून सहा हजार. आमची वाडी म्हणजे काय आडवं पसरलेलं शेत आहे का? ती उभी असते. वर माड, त्याखाली पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर चढवलेली मिरी, सावलीत जायफळ. गुंठाभर जागेत तीन मजली संसार, आणि हे मोजणार जमिनीची लांबी-रुंदी.

आरडाओरडा झाला तेव्हा झाडामागे दर ठरला. नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. पन्नास! पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणून जिचं नाव घेतात, तिच्या उभ्या झाडाची किंमत पन्नास रुपये. एरवी पोफळ वाऱ्याला वाकते, पुन्हा सरळ होते. त्या दिवशी कमरेतून पिचकल्या, एकीवर एक रेलल्या. अशी अडकलेली पोफळ खाली उतरवायची, तुकडे करायचे आणि वाडीबाहेर ओढून न्यायची, हे पन्नास रुपयांत करणारा गडी मला दाखवा. मी पायावर डोकं ठेवतो. म्हणजे मेलेलं झाड उचलायलाच त्याच्या भरपाईपेक्षा जास्त पैसे. आणि ज्या पोफळी उभ्या राहिल्या, त्यांची नोंद 'नुकसान नाही'. वरचे माड गेल्यावर सावली गेली, पुढच्या उन्हात त्यांची खोडं भाजून निघाली, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? रकानाच नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सातबारा सामाईक! कोकणातला सातबारा वाचायला घेतला की अर्धं गाव आणि पाऊण मुंबई त्यावर सापडते. आमच्याही सातबाऱ्यावर आजोबा, त्यांचे भाऊ, आत्या, त्यातले निम्मे देवाघरी आणि उरलेले डोंबिवली-विरारला. प्रत्येकाचं संमतीपत्र आणा, मगच पैसे. लॉकडाऊन, ई-पास, गावात आलं की १४ दिवस विलगीकरण, आणि एका सहीसाठी कुणी यायचं? फोन केला तर एक चुलतभाऊ म्हणतो, "सही देतो रे, पण त्यात आमचाही हिस्सा येतो ना?" ज्याने आयुष्यात पोफळीला एक घागर पाणी घातलं नाही, त्याला या भरपाईतला हिस्सा! मी त्याला म्हटलं, हिस्सा घे ना दादा, आधी हिश्श्याची झाडं उचलून ने. फोन कट.

वर्ष व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातकडे गेलं. नव्याने लावलेली रोपं आणि नवे पत्रे, दोन्ही त्याने तपासून घेतले. पुन्हा "मुंबई"च्या बातम्या, पुन्हा पंचनामा.

तर पाहुणे, भरपाई मिळाली होती. त्यातून काय झालं ते विचारू नका. विचारायचंच असेल तर तलाठी कार्यालयात जाऊन विचारा, की आमच्या वारसनोंदीचा अर्ज कुठे अडकलाय. सातबाऱ्यावर आजोबा अजून तसेच आहेत. पुढचं वादळ आलं की संमतीपत्रासाठी पुन्हा त्याच चुलतभावाला फोन करायचाय, आणि आता त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय.