अर्धा तास? आम्हाला अख्खी सकाळ पुरली नाही!

गोव्यात बोगमाळोला असलेलं नौदलाचं विमान संग्रहालय 'अर्ध्या तासात उरकतं' हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही तीन पिढ्या गेलो होतो. बाबा एकट्या सुपर कॉन्स्टेलेशन या जुन्या, मोठ्या विमानापाशीच पाऊण तास रमले. पंख्यांची चार इंजिनं, मागे तीन शेपट्या! हे विमान आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं आणि शेवटी नौदलाचं. एवढा प्रवास केलेलं विमान समोर उभं असताना नुसता फोटो काढून पुढे कसं जायचं?

आमची आठ वर्षांची लेक सी हॅरियर या लढाऊ विमानापाशी अडली. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना मिळून इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी चार फिरणारी तोंडं असतात. ती खाली वळवली की झोताच्या जोरावर विमान जहाजावर सरळ खाली उतरतं. तिने तळहात खाली वळवून हे तीनदा मला समजावलं. ही विमानं 'विराट' या विमानवाहू जहाजावर होती आणि 2016 मध्ये गोव्यातच निवृत्त झाली, हेही लेखात यायला हवं होतं. बरीचशी विमानं उघड्यावर आहेत, तेव्हा लहान मुलं असतील तर ऊन चढायच्या आत जा आणि पाण्याची बाटली विसरू नका.