जलपर्णीने हौदात ऑक्सिजन वाढत नाही

सांगलीत सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: परसातल्या हौदात गप्पी मासे सोडा, वर जलपर्णी टाका, ऑक्सिजन आपोआप वाढतो, पुन्हा बघायलाही नको. गप्पींचं खरं आहे, ते डासांच्या अळ्या खातात. जलपर्णीचं मात्र उलट आहे.

जलपर्णीची पानं हवेत असतात, त्यामुळे त्यांनी सोडलेला ऑक्सिजन वरच्यावर निघून जातो. पानांनी पाणी झाकलं की खाली ऊन पोहोचत नाही, हवाही नीट मिसळत नाही. त्यात कुजणारी मुळं असलेला ऑक्सिजनही खातात. आमच्याकडे मुलांनी कृष्णाकाठावरून हौसेने चार रोपं आणली होती. महिन्या-दीड महिन्यात हौद हिरवागार, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसले. रात्री प्रकाश नसतो, म्हणून ऑक्सिजन सगळ्यात कमी पहाटेच असतो. (आजी म्हणाली, ‘सकाळी सकाळी खायला मागतायत!’)

आता आम्ही निम्म्याहून जास्त पाणी उघडं ठेवतो. उपटलेली रोपं उन्हात वाळवून खतात टाकतो. नदीत नाही, तिथे आधीच पुष्कळ आहेत. गप्पीही ओढ्यात सोडू नयेत. ते परदेशी आहेत आणि झपाट्याने वाढतात.

आणखी एक. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते एक-दोन दिवस उघडं ठेवूनच हौदात घाला. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. भाकरीचे तुकडे नकोत, हे धाकट्याला अजून पटलेलं नाही.