निसर्ग, तौक्ते आणि देवाचा कोप: एका फिरत्या संदेशाला उत्तर

मे महिना लागला आणि हवामान खात्याने अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याचं सांगितलं, की वसईपासून मालवणपर्यंतच्या ख्रिस्ती ग्रुपांवर एक संदेश पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. फयान, निसर्ग, तौक्ते ही वादळं कोकणावर आली ती देवाने केलेली शिक्षा, कारण इथले कॅथलिक मरियेच्या आणि संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या लावतात. ज्याने आजच्या आज येशूला स्वीकारलं नाही तो सदासर्वकाळ आगीत जळणार, आणि यावर जगातल्या सगळ्या खऱ्या ख्रिस्ती लोकांचं एकमत आहे. शेवटी, शुद्धिस्थान, म्हणजे मेल्यावर स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, ही फादर लोकांनी पैशासाठी काढलेली युक्ती.

मी वसईचा, कॅथलिक. म्हणजे तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. नरक आहे असं माझं चर्च शिकवतं आणि मी ते मानतो. त्यामुळे 'देव कुणालाच काही करत नाही हो' अशी समजूत घालायला मी बसलेलो नाही.

आधी वादळ. निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली, मंडणगड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रेवदंडा-कोर्लईची लहानशी वस्ती सोडली तर त्या भागात कॅथलिक औषधालाही सापडत नाहीत. किनाऱ्यावरची सर्वांत मोठी कॅथलिक वस्ती वसईत, आणि नेमकी वसई वादळाच्या तोंडी नव्हती. तौक्ते तर कोकणात जमिनीवर आलंच नाही. किनाऱ्याला झोडपत वर सरकलं आणि १७ मे २०२१ च्या रात्री गुजरातेत शिरलं. वाटेत मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला, सत्तरहून जास्त माणसं गेली. तेलविहिरींवर पोटासाठी गेलेले कामगार होते ते. कुठल्या मूर्तीपुढच्या मेणबत्तीची शिक्षा त्यांना झाली, हे संदेश पाठवणाऱ्याने त्यांच्या घरी जाऊन सांगून बघावं.

हाच प्रश्न येशूलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून येशू स्वतःच 'नाही' म्हणतो. पुढे लगेच, पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल, असंही तो बजावतो. ते वाक्य मी गाळणार नाही. पण तो इशारा समोर उभं राहून ऐकणाऱ्यांना आहे. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब काढायला त्याने साफ नकार दिला. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी 'पाप कुणाचं, याचं की आईबापाचं' असं विचारलं, तिथेही दोघांचंही नाही, असंच उत्तर मिळालं.

यावर ठरलेलं प्रत्युत्तर येतं: मग देवाने पापासाठी नष्ट केलेल्या सदोम-गमोरा शहरांचं काय, मिसरातल्या पीडांचं काय? रास्त प्रश्न आहे. जुन्या करारात संकट ही शिक्षा म्हणून येते, आणि हे नाकारणारा बायबल अर्धवट वाचतो. पण सदोमचं पाप काय होतं ते यहेज्केल सोळाव्या अध्यायात सांगतो: गर्व, पोटभर अन्न, ऐषआराम, आणि गोरगरिबांना हात न देणं. आणि ईयोबाच्या पुस्तकात, तुझ्यावर हे ओढवलं म्हणजे तू काहीतरी केलं असणारच, असं पुन्हा पुन्हा म्हणणारे मित्र आहेत. अखेरीस देव रागावतो तो त्या मित्रांवर. संदेश पुढे ढकलण्याआधी हे पुस्तक शेवटपर्यंत वाचावं.

संकटावरून देवाचा राग वाचायला गेलं की काय होतं, याचा सर्वांत बोलका दाखला लिस्बनचा. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. मागून त्सुनामी आली, आगी लागल्या. त्याआधी सोळाच वर्षं वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून चिमाजी अप्पांनी घेतला होता. आमच्या पूर्वजांवर राज्य करणाऱ्यांची ती राजधानी. आता अर्थ लावणारे बघा. गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या, जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूने लिहिलं, की हा लिस्बनच्या लोकांच्या पापांवरचा कोप आहे. तिकडे इंग्लंडात मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे जॉन वेस्ली यांनी लिहिलं, की जिथे इन्क्विझिशनने (पाखंड्यांना शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने) इतकं रक्त सांडलं तिथून देवाने न्यायाला सुरुवात केली तर नवल काय. भूकंप एकच, देव एकच, पण एकाला कॅथलिक पुरेसे कॅथलिक नव्हते म्हणून शिक्षा दिसली, दुसऱ्याला ते कॅथलिक होते म्हणून. पुढे मालाग्रिदाला १७६१ मध्ये त्याच इन्क्विझिशनने पाखंडी ठरवून मारलं. आजचा संदेश वेस्लींच्याच वाटेने चाललाय, एवढं श्रेय मी त्याला देतो. निदान वेस्लींनी रक्तपाताकडे बोट दाखवलं होतं, मेणबत्त्यांकडे नव्हे.

आता ते 'एकमत'. इथे संदेश सरळ खोटं बोलतो.

वसईत १६१८ च्या मे महिन्यात मोठं वादळ होऊन चर्चची छपरं उडाली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हॉलंडमधल्या डोर्ट गावी सुधारणावादी (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट) चर्चचे पुढारी जमले आणि महिनोन्‌महिने भांडले. प्रश्न असा, की कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय, की माणसाच्या होकाराला काही किंमत आहे? डोर्टने पहिली बाजू घेतली. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी दुसरी धरली होती, आणि पुढे वेस्लीही त्याच बाजूचे. १८२३ मध्ये बाणकोटला स्कॉटिश मिशनरी आले ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे डोर्टच्याच बाजूचे. त्यांचा वेस्टमिन्स्टरचा कबुलीजबाब (श्रद्धेचं अधिकृत निवेदन) म्हणतो, की देवाने काहींना निवडलं ते त्यांच्या पुढच्या विश्वासाकडे बघून नव्हे. 'आजच्या आज निर्णय घ्या, नाहीतर आग' ही भाषा त्यात बसवायला फार कसरत करावी लागेल.

आगीबद्दलही तेच. माझं चर्च म्हणतं, नरकाचं मुख्य दुःख म्हणजे देवापासून कायमचं तुटणं. पोप जॉन पॉल दुसरे १९९९ मध्ये म्हणाले, की नरक ही जागा म्हणण्यापेक्षा, स्वखुशीने देवाकडे पाठ फिरवणाऱ्याची अवस्था आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत सीरियाक संत आयझॅक यांची शिकवण मानाने सांगितली जाते, की नरकातला माणूस देवाच्या प्रेमाच्याच चाबकाने पोळतो. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट सांगतात, दुष्ट कायमचे जळत नाहीत, शेवटी नष्ट होतात. इंग्लंडचे जॉन स्टॉट हे इव्हँजेलिकलांतलं, म्हणजे बायबलवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंटांतलं, केवढं मोठं नाव, त्यांनीही १९८८ मध्ये चाचरत का होईना, तोच कल दाखवला. आणि चौथ्या शतकातले निस्साचे संत ग्रेगरी तर शेवटी सगळेच शुद्ध होऊन देवाकडे परततील, अशी आशा धरून होते. यातलं कोण बरोबर ते मी ठरवत नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातली 'सार्वकालिक शिक्षा' मलाही गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. पण याला एकमत म्हणत नाहीत.

आमच्या बाजूचेही काही कमी नाहीत. बिलिव्हर्स (नव्या प्रॉटेस्टंट सभांना जाणाऱ्या) लोकांचा असा संदेश आला की कुणीतरी काका उत्तर टाकतात: चर्चबाहेर तारण नाही, हे सगळे नरकात जाणार. काकांनी बोस्टनच्या फादर लेनर्ड फीनींची गोष्ट ऐकावी. तेही हेच कडक अर्थाने शिकवत होते. १९४९ मध्ये रोमने पत्र लिहून तो अर्थ चुकीचा ठरवला, फीनी ऐकेनात, बोलावल्यावर रोमला जाईनात, म्हणून १९५३ मध्ये त्यांनाच चर्चबाहेर काढलं. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्टच सांगितलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तेव्हा काकांचा संदेशही खोडूनच टाकायला हवा.

मूर्तींबद्दल फार लिहीत नाही. ७८७ च्या निकिया इथल्या चर्चच्या परिषदेने प्रतिमेचा मान वेगळा आणि देवाची उपासना वेगळी, असा भेद केलाय. तो पटत नसेल तर त्यावर वाद घाला, जरूर घाला. त्यात समुद्राला साक्षीदार म्हणून आणू नका.

राहिलं शुद्धिस्थान आणि पैसे. इथे आरोपात तथ्य होतं. पैसे घेऊन पापदंडमाफी, म्हणजे शुद्धिस्थानातल्या शिक्षेतून सूट, देण्याचा धंदा झाला, त्यावरूनच १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर उसळले, आणि कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेला तो गैरव्यवहार कबूल करून बंद करावा लागला. पण शुद्धिस्थानाची कल्पना त्या धंद्याच्या फार आधीची. मेलेल्यांसाठी प्रार्थना पहिल्या शतकांपासून होत आल्या. २ नोव्हेंबरला आपण कबरींवर फुलं नि मेणबत्त्या ठेवतो ते त्याच वहिवाटीने. मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सांगताना आजही दान देतात, हे खरं. त्याची रक्कम धर्मगुरू मनाने ठरवत नाहीत, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठीही मिस्सा अर्पण करावी, असं चर्चचा कायदा धर्मगुरूंना सांगतो. एखादा फादर तसं वागत नसेल तर त्याच्याविरुद्ध बिशपांकडे लिहा. आणि मृतांच्या मिस्सेचे पैसे मोजायचेच असतील, तर बिलिव्हर्सच्या सभेत दर महिन्याला पगारातून जाणारा दशांशही त्याच कागदावर मांडा.