इम्युनिटी वाढवा, वाढवतच राहा

प्रतिकारशक्ती म्हणजे बँकेतली शिल्लक. जितकी जास्त तितकी बरी. ती मुळात कमी आहे का, हे तपासायच्या भानगडीत पडू नका. डब्यावर ‘इम्युनिटी बूस्टर’ असं ठसठशीत छापलंय ना? झालं निदान.

शरीराचं मात्र फार ऐकू नका. त्याचा कारभार सायटोकाइन नावाच्या चिमुकल्या प्रथिनांवर चालतो. एक पेशी ती सोडते, दुसरी झेलते आणि कामाला लागते. जंतू शिरला की टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ ही सायटोकाइनं सुटतात. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, मेंदू ताप चढवतो, यकृत सीआरपी हे दाहाच्या वेळी वाढणारं प्रथिन बनवतं. इथवर ठीक. पण पुढे काही पेशी आयएल-१० हे आवरतं घेणारं सायटोकाइन सोडून म्हणतात, पुरे! ऐन रंगात आलेली मारामारी थांबवणारी ही प्रथिनं तुमच्या बूस्टरची खरी शत्रू. डब्यावर त्यांचं नावही नसतं, हे बरंच आहे.

फ्लूमधली कणकण आणि अंगदुखी हीसुद्धा बरीचशी या सायटोकाइनांचीच करणी. म्हणजे इम्युनिटी दुप्पट झाली तर अंगही दुप्पट मोडून यायला हवं. तसं होत नसेल तर दुकानदाराचे आभार माना: डब्यात काहीही नाही.

खरोखर लागू पडणारंच काही हवं असेल, तर लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातली १३ मार्च २००६ ची चाचणी आठवा. सहा धडधाकट तरुणांना टीजीएन १४१२ हे औषध शिरेतून दिलं. मात्रा किती? माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाइतकी. आणि गंमत म्हणजे ते इम्युनिटी वाढवण्यासाठी नव्हतंच. आवर घालणाऱ्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) वाढाव्यात, संधिवातासारख्या आजारांत शरीराचा स्वतःवरचा हल्ला थांबावा, हा हेतू. प्रत्यक्षात हल्ला चढवणाऱ्या टी-पेशीच जाग्या झाल्या. तासाभरात टीएनएफ उसळलं, पाठोपाठ बाकीची सायटोकाइनं. डोकेदुखी, कंबरदुखी, ताप, मग रक्तदाब कोसळला, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बंद पडू लागली. शरीरात एकही जंतू नसताना सहाही जण अतिदक्षता विभागात! त्यांना वाचवायला डॉक्टरांनी काय दिलं? प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइडं. सहाही जण वाचले. एकाला मात्र हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले.

आपण यावरून काहीही शिकायचं नाही. कोरोनात शिकलो का? घरात काढा उकळत होता आणि त्याच घरातला माणूस टोसिलिझुमॅबसाठी वणवण फिरत होता. काढा इम्युनिटी वाढवायला, इंजेक्शन तिचाच आयएल-६ चा निरोप अडवायला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे मृत्यू तिसऱ्या हिश्शानं घटतात, पण ऑक्सिजन लागतच नसेल तर फायदा नाही. हे दुसरं वाक्य वाचायला वेळ कुणाला होता? फॉरवर्ड झालेल्या प्रिस्क्रिप्शनवरून घरीच गोळ्या सुरू करा. साखर चढेल, बुरशीला मोकळं रान मिळेल.

गुळवेल घेत असाल तर डॉक्टरांना सांगू नका, घरगुतीच तर आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद छापली; आयुष मंत्रालयानं लगेच आक्षेप घेतला. त्या यकृतांवरच्या हल्ल्याची लक्षणं ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटते त्या, आजारासारखी होती. बघा, कोण म्हणतं बूस्टर काम करत नाही?