डिंक्या, ट्रायकोडर्मा आणि तुमची अकरा झाडं

भाऊ, डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळून संत्र्याचं झाड वाळवणारा रोग, यावरच्या प्रतिक्रियेत तुम्ही लिहिलंत, "दोन वर्षं ट्रायकोडर्मा टाकला, आठ दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणीही केली, तरी संत्र्याची अकरा झाडं वाळली. हे जैविक-बिविक शहरातल्यांनाच सुचतं." रोपवाटिकाच खराब रोपं देतात, असंही म्हणालात. राग समजतो. वरुडकडच्या माझ्या बागेतही सात झाडं गेली, त्यातली चार माझ्याच हातानं.

आंबिया बहार यावा म्हणून झाडांचं पाणी बंद करून ताण दिला होता, तो तोडायला मी पाटानं पाणी सोडलं. एका बुंध्याला लागून ते पुढच्या बुंध्याला. डिंक्या ज्या फायटोप्थोरामुळं होतो, त्याला आपण बुरशी म्हणतो खरं, पण त्याचे बीजाणू दोन शेपट्यांवर पाण्यात चक्क पोहतात. रोगट झाडापासून निरोगी झाडापर्यंतची वाट मीच काढून दिली होती. त्यात जमीन काळी, भारी, चर खोदलेला नाही. पावसाळ्यात बुंध्यावर डिंक आला, चाकूनं साल खरवडली तर आत तपकिरी, ओली कूज. तेव्हा कुठं दुहेरी आळं केलं, म्हणजे बुंध्याजवळ एक कडं आणि पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात; आता बुंधा कोरडा राहतो. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत पाणी कसं देता, हे मात्र कुठंच नाही.

आणि ट्रायकोडर्मा स्वतःच रोगाशी झुंजणारी बुरशी आहे ना! त्यावर आठ दिवसांत कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक, ओतलं, तर बिचारा जगेल कसा? तो शेणखतात मुरवून रोग यायच्या आधी टाकायचा. कुजलेली मुळं तो परत आणत नाही.

औषधांशी माझं वैर नाही. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब मीही वापरलंय, पण दरवेळी तेच दिलं की रोग त्याला सरावतो. मला सगळ्यात उपयोगी पडला तो बोर्डो मलम: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत. प्लास्टिकच्या बादलीतच कालवा. चाकूचं पातं बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना कमी पडलाय.

रोपवाटिकेबद्दल तुमचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं. माझी उरलेली तीन झाडं त्यातच गेली. कलमाचा डोळा खुंटावर इतका खाली भरलेला, की लावताना जोड मातीत गेला. तो जमिनीपासून वीतभर तरी वर हवा. खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते, कोणता तेही विचारून घ्या, जंभेरीपेक्षा रंगपूर लिंबू या रोगात जास्त तग धरतो.

आता एवढंच कळवा: ती अकरा झाडं विखुरलेली होती, की एकाच ओळीत, उताराकडे एकामागून एक गेली?